आसेगावचा प्लग

चूक माझीच होती, आणि बटण दाबल्यावर दुसऱ्या सेकंदाला ती मला कळली. हीच अक्कल दोन सेकंद आधी आली असती तर काय बिघडलं असतं?

आमच्या गोदामांच्या सहकारी संस्थेत, जिचं नेटवर्क मी कंत्राटावर सांभाळतो, साठ्याचा एक जुनाट प्रोग्राम अजून चालतो. त्याच्या काळातले कॉम्प्युटर दर मिनिटाला ओरडून सांगतात, मी इथे आहे, मी इथे आहे. एका खोलीत ते खपून जातं. पण वाशीमच्या मुख्य कार्यालयातून आसेगावच्या गोदामाला जाणारी लाइन बारीक, आणि त्या ओरड्यात नव्या ऑनलाइन काट्याच्या पावत्या अडकायच्या. तुरीचा हंगाम, दारात ट्रॅक्टरांची रांग. व्यवस्थापक पंजाबरावांनी मला बजावलं होतं, "भागवत, सोमवारी तुया कंत्राटाची मीटिंग हाय. त्याच्या आत हे निस्तर."

म्हणून मी वाशीमला बसून आसेगावच्या राउटरमध्ये नियम लिहायला घेतला. पहिली ओळ, जुनी ओरड अडव. दुसरी ओळ, बाकी सगळं जाऊ दे. घाईत दुसरी ओळ लिहायच्या आधीच नियम लागू केला. आणि राउटरचा खाक्या असा, की ज्याला जाऊ दे म्हटलेलं नाही ते सगळं अडवायचं. आसेगावच्या पावत्या थांबल्या. राउटरने मलाही बाहेर काढलं, त्यामुळे नियम मागे घ्यायची सोय राहिली नाही. अशा वेळी राउटरला आधी सांगून ठेवायचं असतं, दहा मिनिटांत माझा निरोप नाही आला तर आपोआप बंद होऊन चालू हो. हे मीच नव्या पोरांना शिकवतो, आणि मीच शहाणा विसरलो.

एक बरं होतं. नियम अजून साठवलेला नव्हता. कोणी राउटरची वीज तोडून पुन्हा दिली असती, तर तो सगळं विसरून नीट चालू झाला असता.

गोदामपाल राजपाल पोहरादेवीच्या यात्रेला गेलेला. किल्ली होती झाडझूड करणाऱ्या प्रयागबाईंकडे. मी फोन लावला.

"प्रयागबाई, आतल्या खोलीतला राउटरचा प्लग काढा अन् पुन्हा लावा."

"नाही जी."

"काहून?"

"तुमीच त भित्तीवर कागद चिकटवला. या प्लगले हात लावीन त्याच्यावर कारवाई होईन. मले वाचता येत नाही, पन राजपालनं तीनदा वाचून दाखवला."

"अवो, आता मीच सांगून राह्यलो ना."

"तोंडी बोललेलं मांगंही कोनी आयकलं नाही."

मागे म्हणजे दोन वर्षांपूर्वी. ऐन हंगामात आसेगावची लाइन अर्धा तास बंद होती. प्लग काढल्याची नोंद सापडली, आणि बाईंनी प्लग काढला असा अहवाल मी दिला. बाईंना मेमो मिळाला आणि कायम करायच्या यादीतून त्यांचं नाव गेलं.

"तवा काय सांगतलं होतं तुमी?" मी विचारलं. दोन वर्षं उशिरा.

"हेच, का लाइन आधी मेली. ट्रॅक्टरवाले बोंबलून राह्यले होते. घरचा टीवी अडकला का आमी प्लग काढून लावतो, म्हनून म्या काढला. लावला त सुरूच झालं. अन् तुमी म्हनले, बाईनंच बंद पाडलं."

त्या दिवशीही मी याच राउटरवर हाच नियम बसवून पाहत होतो. लाइन गेली, अर्ध्या तासाने परत आली, मी सुटलो. संशय आला होता, खोटं कशाला बोलू? आधी लाइन गेली की आधी प्लग निघाला, हे नोंदी चाळल्या असत्या तर दोन मिनिटांत कळलं असतं. मी चाळल्या नाहीत.

स्वतः जावं तर रस्ता यात्रेकरूंनी भरलेला, दीड तास तरी गेला असता. वीज गेली असं पंजाबरावांना ठोकून द्यावं, तर काट्याचे आकडे तिथे लखलखत होते. बाईंना धमकी द्यावी असंही मनात आलं. सांगायला लाज वाटते.

"माया मेमो ज्या गुरूपवर टाकला होता," प्रयागबाई म्हणाल्या, "त्याच गुरूपवर लिहा."

त्या ग्रुपवर सगळी गोदामं आहेत. पंजाबरावही. मला सोमवार दिसायला लागला. फोन चालू ठेवूनच मी लिहिलं: आसेगावचा प्लग माझ्या सांगण्यावरून काढला जात आहे. भागवत.

"शुभांगी," पलीकडे बाईंनी तूर घेऊन आलेल्या कुणा मुलीला हाक मारली, "माया मोबाइलवर काय आलं, वाच बरं मोठ्यानं."

तिने वाचलं. ट्रॅक्टरवाल्यांचा गलका बसला.

"आजचं झालं," प्रयागबाई म्हणाल्या. "अन् मांगचं?"

ग्रुपवर पंजाबरावांनी विचारलं होतं, काय चाललंय? त्याच्याच खाली मी लिहिलं: दोन वर्षांपूर्वी आसेगावची लाइन मीच बंद पाडली होती. प्रयागबाईंनी प्लग काढून लावला म्हणून ती सुरू झाली. मेमो चुकीचा होता.

शुभांगीने वाचलं.

"आनखी एकदा वाच."

तिने पुन्हा वाचलं, आधीपेक्षा सावकाश. मला दोन्ही वेळा ऐकावं लागलं. पंजाबरावांचा फोन येत होता, त्यांचं नाव स्क्रीनवर लागून विझत होतं.

प्रयागबाईंनी घसा साफ केला.

"काढू का आता, साहेब?"