यादी जागेवरच होती

मी एक जुना पत्ता आहे. मित्रांनो, घराचा नव्हे, कॉम्प्युटरमधल्या फाईलचा. ‘सी ड्राइव्ह, त्यात दीक्षा, त्यात डेस्कटॉप, त्यात रक्तदाते’ एवढाच माझा जीव. अकोल्याला जठारपेठेत राहणाऱ्या दीक्षाने मला घाईघाईत प्रोग्राममध्ये लिहिलं. तिच्या मशीनवर मी पहिल्याच फटक्यात चाललो. दुसऱ्या मशीनवर चालेन का, हे तिने पाहिलं नाही, आणि मलाही तेवढी अक्कल नव्हती.

प्रोग्राम अमरावतीच्या खुशालरावांसाठी होता. कोणाला रक्त लागलं की ते दाते शोधून देत. दीक्षाने आपला तोच कॉम्प्युटर त्यांना देऊन टाकला. सहा वर्षं त्यांनी रक्तगट विचारावा आणि मी धावत जाऊन यादी आणावी. “बेटा, तुझं मशीन लय इमानदार हाये,” असं ते फोनवर म्हणाले की मी फुगून जायचो. त्यांनी जुनी वही रद्दीत घातली. कोणाचा गट कोणता, हे लक्षात ठेवणंही सोडलं.

गेल्या उन्हाळ्यात तो कॉम्प्युटर बंद पडला. नवा आला तो लिनक्सवर चालणारा. तिथे सी ड्राइव्ह नावाची चीजच नसते. दुकानदाराने प्रोग्राम त्यात उतरवला, यादीही नव्या फोल्डरमध्ये नीट ठेवली, पण मी जुनीच वाट सांगत राहिलो. फाईल मिळाली नाही तर गुपचूप नवी बनव, असं दीक्षानेच लिहून ठेवलं होतं. मशीनने माझ्या लांबलचक नावाची एक रिकामी फाईल बनवली आणि तिलाच यादी मानलं.

तिसऱ्याच दिवशी नांदगाव खंडेश्वरचा गजेंद्र धापा टाकत आला. त्याच्या बहिणीला, रागिणीला, बाळंतपणात फार रक्तस्राव झाला होता.

“काका, ओ निगेटिव्ह पायजे. लवकर पाहा ना!”

पडद्यावर आलं, या गटाचा एकही दाता नाही. गटच दुर्मीळ, त्यामुळे खुशालरावांना शंका आली नाही. “नाही रे बाप्पा, आपल्याकडे कोणीच नाही,” ते म्हणाले. यादी त्याच मशीनमध्ये होती. मला ओरडता येत नव्हतं. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

रक्त अकोल्याहून आलं, चार तासांनी. रागिणी वाचली, पण उशिरामुळे नऊ दिवस आयसीयूत होती, तिला बाळ जवळ घेता आलं नाही.

दोन गल्ल्या पलीकडचे मोतीराम हे ऐकून आले. ते दर चौदा एप्रिलला न चुकता रक्त देतात. गट ओ निगेटिव्ह.

“मी घरीच होतो. मले काहून नाही बोलावलं?”

“तुमचं नाव यादीत नव्हतं, मोतीरामजी.”

“कोणं काढलं? माझं रक्त चालत नाही का?”

खुशालरावांनी दीक्षाला बोलावलं. तिने चूक शोधली आणि मला खोडून टाकलं. आता प्रोग्राम कोणत्याही मशीनला आधी विचारतो, तुझ्याकडे यादी कुठे ठेवतात? आणि मिळाली नाही तर तसं मोठ्या अक्षरांत सांगतो. जुन्या प्रोग्रामची एक नक्कल पेनड्राइव्हमध्ये राहिली, तिच्यात मी पडून आहे.

मित्रांनो, एखादी गोष्ट सापडली नाही तर ‘सापडली नाही’ म्हणा. ‘नाहीच’ म्हणू नका. खुशालरावांनी मोतीरामांना पडद्यावर त्यांचं नाव दाखवलं, सगळं समजावलं. “आता दिसून राहिलं,” मोतीराम म्हणाले आणि चहा न घेताच उठले. त्यानंतर ते त्या दारात आलेले नाहीत.