झाकलेले आकडे

हृदयाच्या टूडी इको तपासणीच्या खोलीत दिवसाही अंधार असे, आणि त्या अंधारावर सत्ता तंत्रज्ञ ताईंची. बावीस वर्षे त्यांनी यंत्राच्या पडद्यावर हृदये उघडताना-मिटताना पाहिली होती. शिकाऊ डॉक्टर येत, तीन वर्षांत शहाणे होऊन जात, ताई तिथेच.

या वर्षीच्या शिकाऊ मुलीने मात्र त्यांच्या मनात घर केले होते. विभागात संशोधनाची एकच जागा होती: वर्षभर स्वतःचा प्रश्न आणि स्वतःचे उत्तर. त्यासाठी मुलीने सत्तर रुग्णांच्या चित्रफिती मोजल्या होत्या. नव्या औषधाने हृदयाचा जोर किती वाढतो, हे पाहायचे होते. निकाल इतका देखणा आला, की विभागप्रमुख सरांनीही चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

त्या जागेच्या मुलाखतीला नऊ दिवस उरले असताना ती फाईल घेऊन आली. "ताई, ही चिठ्ठी कुणी लावली?"

"मीच. औषधाआधीचा आकडा आहे. सगळ्या फायलींवर लावलाय. तुझी शोधाशोध वाचावी म्हणून."

मुलगी स्टुलावर बसली. "म्हणजे नंतरचं मोजताना आधीचा आकडा माझ्यासमोर होता. वाढ दिसावी अशी इच्छाही होती. हृदयाची कड कुठे धरायची, ते त्या इच्छेनंच ठरवलं असणार."

ताईंच्या तोंडचे पाणी पळाले. "वाटोळं केलं गं मी तुझं. पण कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना. चिठ्ठी तुम्ही लावलीत, वाचली मी. आता सगळं झाका. नाव, तारीख, सगळं. कुठली फीत आधीची, कुठली नंतरची, मला कळता कामा नये."

मग जेवणाची सुट्टी मोडून नऊ दुपारी दोघी बसल्या. ताईंनी पडद्याचे कोपरे कागदाने झाकले, फितींचा क्रम पत्त्यांसारखा पिसला आणि खऱ्या क्रमाची यादी बंद पाकिटात सरांकडे दिली.

"एवढी एक तरी सांगा," मुलगी काकुळतीला येई.

"तोंडाला कुलूप आहे. किल्ली सरांकडे."

मुलाखतीत फिती दाखवायला ताईच होत्या. सरांनी नवा तक्ता वर धरला. "निम्मी वाढ कुठे गेली, डॉक्टर?"

"ती हृदयात नव्हतीच, सर. माझ्या नजरेत होती."

तिने चूक सांगितली. चिठ्ठी कुणाची, ते गिळून टाकले. ताईंना राहवले नाही. "चिठ्ठ्या माझ्या होत्या, सर."

"बाकी चौघा उमेदवारांचे आकडे फारच सुंदर आहेत," सर तक्ता खाली ठेवत म्हणाले. "मोजताना समोर काय होतं, हे आता त्यांनाही विचारतो."

संध्याकाळी जागा तिला मिळाल्याचे कळले, तेव्हा ती पुढच्या रुग्णाच्या छातीवर जेल लावत होती. तिने मान डोलावली आणि काम चालू ठेवले.

"डॉक्टरीणबाई नव्या दिसतात," म्हाताऱ्याने ताईंना हळूच विचारले. "नीट बघतील ना?"

"निर्धास्त पडा, आजोबा," ताई म्हणाल्या, आणि अंधारातही त्यांची मान ताठ झाली. "त्या स्वतःलासुद्धा सोडत नाहीत."