एक लाईफ दे ना

गेनबांनी गोणपाटाची गाठ सोडली आणि एका हिसक्यात पांघरूण ओढलं. धूळ उठली, उन्हात थोडी नाचली, खाली बसली, आणि मग मशीन दिसलं. माणसाच्या उंचीचं, उभ्या कपाटासारखं. दोन्ही अंगांच्या फळ्या घोड्याच्या झापडांसारख्या पुढे आलेल्या, त्यांच्या आत खोल काच, काचेखाली काळा दांडा आणि लाल-पिवळी बटणं. लाल बटण मधोमध झिजून वाटीसारखं झालं होतं.

"हाय चालू," गेनबा म्हणाले. "हायवेला दुकान होतं तवा कालेजची पोरं उपाशी हुबी ऱ्हायची याच्यापुढं. आता जो तो खिशात गेम घिऊन फिरतोय. लावून दाखवू?"

त्यांनी पिन खोचली. काच आधी हिरवट झाली, मग जांभळी, आणि तळातून एक इवलंसं विमान वर आलं. सुखदेव दोन पावलं पुढे सरकला. वारज्याहून लोणी काळभोरपर्यंत तो स्कूटरवर आला होता, अंगभर धूळ होती, पण हात मात्र त्यानं रुमालानं पुसून घेतला.

"घरात लेकरं किती?" गेनबांनी विचारलं.

"नाहीत. मी एकटाच असतो."

"मंग ह्ये कुनासाठी?"

सुखदेवनं लाल बटण दाबलं. ते खाली गेलं, वर यायला मात्र त्यानं वेळ घेतला.

"बहिणीसाठी," तो म्हणाला.

गेनबांनी त्याच्या पिकल्या कानशिलांकडे पाहिलं. "पुण्यातल्या साड्या संपल्या का काय?"

सुखदेव हसला. मग गेनबांनी नाणं टाकायच्या फटीखालचं छोटं दार उघडलं आणि आतलं बटण दाखवलं. आता नाण्याचं काम नाही, हे दाबलं की झालं, पाहिजे तेवढ्या लाईफ. पाहिजे तेवढ्या, असं म्हणताना म्हाताऱ्यानं हात असा पसरला, जणू शेतच दाखवतो आहे.

टेम्पो वारज्यात पोचला तेव्हा रविवारची दुपार होती. मशीन लिफ्टमध्ये जाईना, उभंही जाईना आणि आडवंही. शेवटी दोघा हमालांनी ते दोरानं बांधून तीन मजले वर चढवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या तेजस्विनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"एटीएम बसवताय का, सुखदेवराव? मग आधी सोसायटीची परवानगी घ्या हं."

"नाही हो, खेळणं आहे."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि 'अच्छा'मध्ये जेवढं मावतं तेवढं सगळं घालून दार लावून घेतलं.

बुद्धमूर्तीच्या फळीशेजारी, जिथं चार वर्षांपूर्वीपर्यंत बाबांची खाट असायची, तिथं मशीन उभं राहिलं. हमाल गेले. घर परत होतं तसं झालं. फ्रिज मध्येच कण्हायचा तेवढाच आवाज. सुखदेवनं एक पेला पाणी घेतलं, अर्धं प्यायला, आणि फोन उचलला.

"शर्मे, मी."

"नाव येतं फोनवर. बोल."

"मशीन घेतलं."

"बरं केलंस. किती दिवस हातानं धुणार कपडे?"

"ते नाही गं. गेमचं. पुलाजवळच्या दुकानात होतं ना आपल्या, विमानांचं? तसलंच."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. शर्मिलानं गॅस बंद केल्याचा खटका आला.

"बरं. खेळ मग."

"तू ये ना. आज सुट्टीच आहे. कोथरूडहून वीस मिनिटं लागतात."

"मला कुठं येतं ते. तूच म्हणायचास."

"आता तिन्ही लाईफ तुझ्या. मी हातसुद्धा लावणार नाही."

"दादा, मी सेहेचाळीस वर्षांची आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती रागानं बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. शर्मिला रागावत नव्हती. चौदा एप्रिलला ती फोन उचलायची, बीपीची गोळी घेतोस का विचारायची, स्वतःच्या शाळेचं दोन वाक्यांत सांगायची. पण चार वर्षांत तिनं या घराची पायरी चढली नव्हती. बाबांना दवाखान्यात नेलं त्या सकाळी त्यानंच तिला फोन केला होता. बरे आहेत, उगाच धावपळ करू नकोस, तुझ्या मुलांची परीक्षा चालू आहे, उद्या ये. दुपारी बाबा गेले. ती न राहवून दवाखान्यात पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. ती भांडली नाही. नंतर यायची मात्र थांबली.

सुखदेव मशीनपुढे उभा राहिला. दारामागचं बटण दाबलं, विमान वर आलं आणि हाताला सगळं आठवलं. डावीकडे, उजवीकडे, खाली, फोड. तेराव्या वर्षी तो असाच उभा असायचा. आई दवाखान्यात आया, बाबा टपालखात्यात, आणि दुपारभर नऊ वर्षांची शर्मिला त्याच्या जिम्म्याला. दुकानात अंधार, विड्यांचा धूर, मोठी मोठी पोरं, त्यांच्या तोंडी शिव्या. अशात पोरीला उघड्यावर कुठं ठेवायची? म्हणून तो तिला मशीन आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत उभी करायचा. "इथंच थांब. हललीस तर बघ." फ्रॉकची कड मुठीत धरून ती उभी राहायची, आणि थोड्या थोड्या वेळानं, पाणी मागावं तसं, हळूच मागायची.

"दादा, एक लाईफ दे ना."

"पुढच्या वेळी."

कधीतरी द्यायचाही. तिसरी, शेवटची, काच शत्रूच्या विमानांनी गच्च भरलेली असताना. शर्मिला दांडा धरायची, डोळे मोठे करून काचेकडे बघायची, आणि दहा मोजायच्या आत धूर. पोरं हसायची. तोही हसायचा. "रोज बघतेस, तरी येत नाही?" ती परत सांदीत जाऊन उभी राहायची.

पहिली लाईफ गेली, दुसरी गेली. तिसरं विमान वर आलं आणि सुखदेवनं दांडा सोडून दिला. आता तिन्ही तुझ्या, असं तो म्हणाला होता खरा. पण ती इथं नव्हती, आणि तिच्या वाटणीची खेळायला हात होईना. विमान एकटंच तळाशी थरथरत राहिलं. तो बाजूला झाला. पोट आत घेऊन, अंग तिरकं करून, मशीन आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरला आणि काचेकडे वळला.

काच दिसेना.

समोर नुसती प्लायवूडची फळी. त्यानं मान पुढे काढली. फळीची कड आडवी आली. वाकून पाहिलं, गुडघे मोडून नऊ वर्षांच्या पोरीएवढा झाला, तरी फळीच. आत कुठंतरी काही फुटत होतं, आवाज येत होता, आणि जिथं खेळणारा उभा राहतो त्या रिकाम्या जागेवर मात्र लाल, निळा, लाल उजेड पडत होता.

तो तसाच खाली बसला. फोन वरच्या खिशात होता.

"आता काय?" शर्मिलानं विचारलं.

"त्या दुकानात तू उभी राहायचीस ना, तिथून तुला गेम दिसायचा का गं?"

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला.

"नाही."

"एकदाही?"

"तू खेळायला बोलवायचास तेव्हा. तेवढाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू हलू नको म्हणाला होतास."

सुखदेवनं भिंतीला डोकं टेकवलं. "मग दुपारभर काय बघायचीस?"

"तुला. दुसरं होतं काय तिथं? तोंडावर तांबडा उजेड पडला की समजायचं, काहीतरी फुटलं. खालचा ओठ चावलास की समजायचं, आता गेला हा. दवाखान्याच्या जिन्यात त्या दिवशी तसंच समजलं मला. तू तोंड उघडायच्या आधी."

मशीनमधून विमान पडल्याचा आवाज आला आणि मग सुरुवातीची ती किणकिणती धून सुरू झाली. सुखदेवनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शर्मे, बाबांचं सांगू का?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"सांग. पण शेवटचं आधी सांगू नकोस."

"सकाळी त्यांनी दाढी करून मागितली," तो म्हणाला. "म्हणाले, डॉक्टर यायच्या आत कर."

"कुणी केली?"

"मीच. हनुवटीखाली जरा कापलं."

"ओरडले असतील."

"नाही. म्हणाले, शर्मीनं बरी केली असती."

ती हसली की काय, कळलं नाही.

"मग?" ती म्हणाली.