गीझर रिकामा होईपर्यंत

सकाळी सुनेनं नळ सोडला, तर पाण्याऐवजी फसफसत वाफच आली. चटकन नळ बंद करून तिनं वर पाहिलं. भिंतीवरचा गीझर आतून गुरगुरत होता. दिवा कधीच विझायला हवा होता, पण तो तसाच लालभडक!

"बाबा!" तिनं हाक मारली.

सासरे भिंत चाचपत आले. उभी हयात कारखान्यात बॉयलरवर गेलेली. डोळे आता नावालाच होते. दारातच थबकून त्यांनी कान दिला आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"आत पाऊल टाकू नकोस. बाहेरचा मेन स्विच पाड. मग छकुलीला उचल आणि शेजारी दे. पळ!"

तिची लेक छकुली पलीकडच्या खोलीत त्याच भिंतीला लागून झोपली होती. सुनेनं स्विच पाडला, पोर शेजारणीच्या कडेवर दिली. नवरा नेमका परगावी.

"गरम नळ सोडून वाफ काढू का?"

"अजिबात नाही! कशालाच हात लावायचा नाही. निवू दे आधी."

दोघं जिन्यात जाऊन बसले. गुरगुर तासभर चालली. थांबली, तरी ती जागची उठली नाही. कुणाच्या घरात भांडं पडलं तरी ती दचके.

"बाबा, बॉयलर फुटलेला पाहिलाय तुम्ही?"

"पाहिलाय."



दुपारी आत डोकावली, तर गीझरचा एक बोल्ट भिंतीतून निम्मा बाहेर! टाकी कललेली. प्लंबर फोनवर म्हणाला, "उद्याच जमेल. पण निवली असेल तर रिकामी करा. भरलेलं वजन भिंत पेलायची नाही."

सासऱ्यांनी पाईपला उलटा हात लावून पाहिला. "कोमट आहे. आता मी सांगतो तसं कर. खाली उभी राहू नकोस, बाजूला हो."

तिनं गार पाण्याची चावी बंद केली. टाकीखालच्या कॉकला, पाणी सोडायच्या तोटीला, रबरी पाईप घट्ट आवळला, दुसरं टोक मोरीत सोडलं. हवा आत जावी म्हणून गरम नळ उघडला. उरला कॉक. तो काही केल्या फिरेना. जोर लावला तशी टाकी करकरली.

"बाबा, हलतेय ही!"

सासरे चाचपत पुढं आले आणि दोन्ही तळवे त्यांनी टाकीखाली दिले.

"अहो, अंगावर येईल! व्हा बाजूला!"

"फिरव तू!"

तिनं जीव मुठीत धरून हिसका दिला. कॉक सुटला. पाईप फुरफुरला आणि तांबूस पाणी मोरीत धावलं, मागोमाग पांढरा गाळ. धार बारीक होईपर्यंत तिनं पाईप सोडला नाही. शेवटी नुसते थेंब उरले.

पण सासऱ्यांचे हात खाली येईनात. तिनं त्यांचं एकेक बोट सोडवलं.

"घाबरलो होतो गं," ते म्हणाले. "सकाळपासून."

दोघं ओल्या फरशीवरच बसून राहिले.