आणखी आखूड

छोटीच्या केसांना कात्री लावायची हिंमत ताईखेरीज कुणाच्या बापात नव्हती. सलून ताईचं, आणि धाकट्या बहिणीची कमरेपर्यंतची वेणी म्हणजे तिचा अर्धा जीव. म्हणून लग्नानंतर काही महिन्यांतच छोटी येऊन "खांद्यापर्यंत कर" म्हणाली, तेव्हा ताईने तिला चांगलंच फैलावर घेतलं.

"उकडतं गं," छोटी म्हणाली. ताईने नाक मुरडत केस कापले.

पुढच्या खेपेला ताईचा कंगवा छोटीच्या कानामागे गेला आणि थबकला. नाण्याएवढी जागा उघडी पडली होती. गळालेले केस कोणते आणि उपटलेले कोणते, हे ताईला कुणी सांगायची गरज नव्हती.

छोटी आरशात न बघता म्हणाली, "मुठीत येणार नाहीत इतके आखूड कर."

ताईने खरं तर तेव्हाच कात्री खाली ठेवायला हवी होती. पण कोणतंही संकट हाताने निस्तरायची तिला सवय. तिने ती जागा इतकी बेमालूम झाकली की आईनेही छोटीची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली. त्या दिवशी ताईला स्वतःच्या हाताचा अभिमान वाटला होता.

मेहुणा बोलायला लाघवी. आधी त्याला छोटीची फार काळजी, म्हणून सारखे फोन. मग काळजीपोटीच तिची नोकरी सुटली, मैत्रिणी सुटल्या. मग चारचौघांत गमतीने काढलेले चिमटे. मग केस. दर वेळी नंतर तो तिच्या पायांवर डोकं ठेवायचा. "रडतो गं तो, खरंच रडतो," छोटी सांगायची. आणि त्या रडण्यावर ताईसुद्धा थोडीफार विसंबून होती.

आज दुपारी छोटी आली ती थेट खुर्चीत बसली. आता कापायला उरलंच काय होतं? ताई गळ्याभोवती कापड बांधायला गेली, तर छोटीने तिचे हात घट्ट धरले.

"तिथं नको." आवाज घोगरा, ओळखू न येणारा. ताईने कॉलर हलकेच बाजूला केली. जबड्याखाली बोटांचे निळे वळ होते.

"केस हाताला येईनात, म्हणून."

ताईने कॉलर सोडली. "मीच कापले गं ते."

"असते तरी तो इथवर आलाच असता," छोटी म्हणाली. "काल डोळ्यांपुढे अंधार आला, ताई. आणि या वेळी तो रडला नाही."

ताईला भीती वाटली ती या शेवटच्या वाक्याची. "आता त्या घरी परत जायचं नाही. मागच्या गल्लीत माझी नर्स मैत्रीण राहते. आधी तिला गळा दाखव, मग पुढचं बघू."

तेवढ्यात दार उघडलं. "झालं का आमच्या राणीसरकारांचं?" मेहुणा हसत आत आला.

ताईही हसली. कशी हसली, देव जाणे. "जावईबापू, आधी स्वतःचं डोकं बघा, जंगल झालंय. बसा, आज माझ्याकडून."

फुकटच्या कौतुकाला तो कधी नाही म्हणत नसे. बेसिनवर मान मागे टाकून त्याने डोळे मिटले. ताईने भरपूर शॅम्पू ओतला, नळ मोठा केला आणि छोटीला डोळ्यांनी मागचं दार दाखवलं. छोटी पाय न वाजवता गेली.

ताई फेस करत राहिली, तोंडाने वाटेल ते बडबडत राहिली. त्याचा गळा तिच्यासमोर उघडा होता. ती तिकडे बघत नव्हती.

"ताई," तो डोळे मिटूनच म्हणाला, "हिच्या डोक्यात काहीबाही भरवू नका हं. मला राग आला की मग समोर कोण आहे ते दिसत नाही." हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं बोलला तो.

ताईने मान वर केली तर मागच्या दारात छोटी उभी. परत आलेली. ताईने रागाने हाताने खुणावलं, जा. छोटी जवळ आली आणि तिच्या कानाशी लागली.

"तू एकटी होतीस ना त्याच्याजवळ."

त्याला अडकवून ठेवलं की बहीण सुटली, एवढाच ताईचा हिशेब. पण छोटी त्या घरात राहून एकच गोष्ट शिकली होती, त्याच्या हाताशी कोण सापडेल ते आधी बघायचं. गल्लीच्या तोंडाशी पोचून तिने तेच बघितलं होतं, आणि ताईसाठी ती उलट फिरली होती.

ताईने नळ तसाच वाहता ठेवला. हात एप्रनला पुसले, छोटीचा हात हातात घेतला आणि दोघी पुढच्या दारातून बाहेर पडल्या.

"ताई, डोळ्यांत फेस गेला. पाणी टाका ना." आवाज अजून गोडच होता. मग पुन्हा आला, तेव्हा त्यातला गोडवा संपला होता. "कुठं गेलात?"

त्या आवाजासरशी छोटीचे पाय रस्त्यातच थिजले. ताईने तिला ओढलं नाही. ओढणारा एक होता, तेवढा पुरे झाला. तिच्या शेजारी ती नुसती उभी राहिली, उघड्या दाराकडे पाठ करून, मानेवर काटा आलेला. मग छोटीने पाऊल उचललं.