टारमॅकवर डांबर नसतं

शेवटच्या रविवारी मी आईबाबांकडे गेले, तेव्हा बाबांनी माझ्या वर्तमानपत्रातल्या एका शब्दाभोवती लाल पेनाने गोल काढून अंक चहाच्या कपाखाली दाबून ठेवला होता.

"बसा, संपादकीणबाई. 'प्रवासी दोन तास टारमॅकवर ताटकळले.' कुठे ताटकळले म्हणे?"

"विमानतळावर. सगळ्यांना कळतं, बाबा."

"टार म्हणजे डांबर. विमान उभं राहतं तिथे डांबराचा थेंब नाही. इंधन सांडलं की डांबर विरघळतं, म्हणून तिथे काँक्रीट घालतात. एप्रन म्हणतात त्याला. निम्मे चौकोन मी स्वतः भरलेत."

"एप्रन लिहिलं तर लोकांना वाटेल, विमान डॉक्टरच्या अंगावर चढलं."

आई आतून हसली. "अहो, पंधरा वर्षं झाली या भांडणाला. काय ते एकदाचं ठरवा आणि आंघोळीला जा."

मी उपसंपादक. शब्द लोकांच्या तोंडी रुळला की तो खरा, हे माझं म्हणणं. खिडकीत बसलेल्या प्रवाशाला धावपट्टी कुठे संपली आणि एप्रन कुठे सुरू झाला याचं सोयरसुतक नसतं. चाकांखाली जे काही आहे ते त्याच्या लेखी टारमॅकच. बाबांचं म्हणणं, लोकांना ठाऊक नाही म्हणून जमीन बदलत नाही.

ती जमीन त्यांची होती. चौतीस वर्षं ते काँक्रीटचे सांधे भरत आणि तडे बुजवत आले. शिवाय रोज सकाळी दहा-बारा जणांच्या रांगेत, मान खाली घालून, ती सगळी जागा पायांखाली घालायची. स्क्रू, खडा, सुटकेसचं तुटलेलं चाक, जे दिसेल ते उचलायचं; इंजिनात एवढंसं काही ओढलं गेलं तरी घात. हे काम ऊन तिरपं असतानाच करायचं. "तेव्हा खिळासुद्धा स्वतःची चुगली करतो," बाबा म्हणत. "नखाएवढा खिळा आणि वीतभर सावली."

सवय घरापर्यंत आली होती. भाजी आणायला गेले तरी नजर रस्त्यावर, आणि सापडलेलं सगळं शर्टाच्या खिशात. कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी त्यांचा खिसा उलटा करायचा, हा आमच्या घरचा नियम. एकदा आई विसरली तर मशीनने तासभर ताशा वाजवला.

निघताना चपला घालत मी म्हटलं, "उद्या पुन्हा टारमॅक लिहिणार आहे."

"लिही. मी पेन घेऊन बसतोच."

सोमवारी कामावर निघताना, बूट घालता घालता बाबा गेले. एकाच बुटाची नाडी बांधून झाली होती.

भेटायला येणाऱ्या सगळ्यांशी मी नीट बोलले. बाबांना सांगायचं राहिलं होतं ते जुनंच होतं. मी दहा वर्षांची असताना आमच्या शाळेची सहल विमानतळावर गेली होती. वरच्या गॅलरीच्या काचेतून खाली नारिंगी जाकिटांची रांग दिसली. कुणीतरी म्हणालं, "अगं, यांचं काय हरवलंय?" सगळ्या हसल्या. डावीकडून तिसरे माझे बाबा होते. मीही हसले.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "पाहिलीस का विमानं?" मी म्हटलं, "पाहिली." माफी मागायची तर आधी घडलेलं सांगावं लागलं असतं. त्यांनी मला पाहिलंच नसेल, मग उगाच कशाला, असं म्हणत मी सव्वीस वर्षं काढली.

तीन आठवड्यांनी, सकाळी लवकर, त्यांचं जाकीट आणि पास परत करायला मी विमानतळावर गेले. फाटकावरच्या सुरक्षारक्षक बाईंनी कुणाकडे जायचंय म्हणून विचारलं. "मुकादमांकडे काम आहे," एवढंच सांगितलं.

मुकादम बाबांच्या वयाचे. त्यांनी जाकीट हातात घेतलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं आणि मलाच परत दिलं. "घाला. तुमची परवानगी काढून ठेवलीय. आज आमच्याबरोबर टारमॅक चाला."

"तुम्हीसुद्धा टारमॅक म्हणता?"

"घारमुळे." नजरेमुळे बाबांना तिथे सगळे घार म्हणत. "तोच टारमॅक म्हणायचा. आम्ही चिडवायचो, अरे, तूच काँक्रीट ओतलंस ना? तर म्हणायचा, मुलगी छापते, म्हणजे बरोबरच असणार."

मला हसू आलं. घरी लाल पेन आणि इथे हे.

आम्ही रांगेत चालू लागलो. पायाखाली फिकट राखाडी, खरखरीत काँक्रीट आणि चौकोनांमधून सरळ धावणारे काळे सांधे. "हा त्याचा," मुकादम एका सांध्याकडे बोट दाखवून म्हणाले. "त्याच्या हातून रेघ कधी वाकडी गेली नाही."

मान वर केली तर समोर गॅलरीची काच होती.

माझी नजर पाहून मुकादम म्हणाले, "तुमच्या शाळेची सहल आली होती ना? आदल्या दिवशीच घारने सगळ्यांना दम भरला होता. पोरगी वर असेल, कुणी हाक मारायची नाही, हात करायचा नाही, मैत्रिणींत अवघडेल ती." ते थोडे पुढे चालले. "त्या दिवशी एक बोल्ट त्याच्या पायाशी पडलेला, आणि तो सरळ पुढे गेला. मागून मी उचलला. चौतीस वर्षांत तेवढा एकच सुटला त्याच्याकडून. लक्ष कुठे होतं कोण जाणे."

मी मान खाली घातली. बराच वेळ काही नीट दिसलं नाही. मग उजव्या पायापुढे एक बारीक, लांबट सावली दिसली आणि तिच्या टोकाला स्क्रू. मी वाकून उचलला. रांगेत कचऱ्याची पिशवी फिरत होती, तरी हात आपसूक खिशाकडे गेला.

परतताना तपासणीच्या चौकटीतून गेले आणि ती किंचाळली. माझ्यामागे बॅगा घेतलेले वैमानिक, हवाईसुंदऱ्या, सफाईच्या बायका अशी रांग लागली होती. सगळे पाहू लागले.

"खिशात काय आहे?" त्याच रक्षक बाई.

मी स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवला. त्या आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या.

"पिशवीत टाकायचा तो खिशात टाकणारा इथे एकच माणूस होता," त्या म्हणाल्या. "महिन्यातून एकदा तरी वाजवायचे ते ही चौकट. तुम्ही त्यांच्या कोण?"

"एप्रनवर सकाळी रांग निघते ना," मी म्हटलं, मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "त्यात डावीकडून तिसरे, मान खाली घालून चालणारे. ते माझे बाबा."