मूठभर कोंडा

"माझी नाही हो ही. पोशीची पोर. मी नुसती सांभाळते."

आईचा तो आवाज कोंडीच्या कानात अजून होता. खोडाळ्याच्या बाजारात कुणी चौकशी केली, की कमळा हेच सांगायची, आणि तिचं बोट धरून उभी असलेली इवली कोंडी खाली मान घालायची.

कमळाची तीन लेकरं झोळीतच गेली होती. चौथी झाली तेव्हा तिने पोर सुपात घातली आणि पोशी सुईणीला मूठभर कोंड्याच्या बदल्यात विकली. नावही कोंडीच ठेवलं. परक्याची, कवडीमोल पोर कशाला कोण नेईल? पोर जगली. भातलावणीला गेली, वीटभट्टीवर राबली. पोशी सुईण मरूनही गेली. पण 'माझी' हा शब्द कमळाच्या ओठांवर कधी आला नाही. म्हटलं आणि त्या तिघांना नेणाऱ्याने ऐकलं तर?

खोडाळ्याच्या प्रार्थनेला कोंडी पहिल्यांदा गेली ती गाण्यांच्या ओढीने. तिथे तिने ऐकलं, की माणूस पोटात असतो तेव्हाच देव त्याला ओळखतो, येशूने जीव दिला तो त्याच्यासाठीच. त्या दिवशी ती वाटभर स्वतःशी पुटपुटत आली, "म्हणजे पोशीने कोंडा मुठीत घेतला, त्याच्या आधीच त्याने मला पाहिलं होतं."

बाप्तिस्मा ठरला. पाळकांची बायको योगिताताई म्हणाली, "नवं नाव घेतेस का?"

"नको ताई. त्याला ह्याच नावाची बाई हवी होती."

घरी धाकटा भाऊ हेमंत हसला. "पाण्यात बुडून देव भेटत असता, तर बेडकं आधी पोचली असती."

"मग त्यांच्यापाठोपाठ तू जा," कोंडी म्हणाली आणि आईकडे वळली. "आये, तू येशील? तुझा देव सोड म्हणत नाही मी. नुसती काठावर उभी राहा."

कमळा नागली पाखडत राहिली.

रविवारी दाभोशाच्या नदीत पाळकांनी कोंडीला पाण्याखाली नेलं, वर काढलं. छाती भरून आली होती, तरी डोळे काठ धुंडत होते. देवाने आपलं म्हटलं होतं. आईनेही म्हणावं ही भूक काही गेली नव्हती. फक्त आता तिला त्या भुकेची लाज वाटत नव्हती.

उंबराखाली कमळा उभी होती, सगळ्यांपासून लांब.

"हिचं घरचं कोण आलंय?" योगिताताईने विचारलं. "कुडकुडतेय, धरा तिला."

कोंडीने सवयीने खाली मान घातली.

कमळाने आधी मागे रानाकडे पाहिलं. मग ती चपला न काढताच पाण्यात उतरली, पदराने कोंडीचं डोकं पुसू लागली. तिचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला.

"मी आलेय. माझ्या पोटची आहे ही. ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं."